एम.ए.ला तत्त्वज्ञान घेऊ की इंडॉलॉजी (भारतविद्या)? (संस्कृत येत नाही)

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

मी जळगाव जिल्ह्यातली, टीवायबीए, मराठी स्पेशल. आजोबा माळकरी, त्यामुळे ज्ञानेश्वरी घरातलीच. पण डोक्यात बसलाय तो ज्ञानदेवांचाच दुसरा ग्रंथ 'अमृतानुभव', त्यातही सातवं प्रकरण, अज्ञानखंडन. अज्ञानाने आत्माच अज्ञ झाला असेल, तर 'अज्ञान आहे' हे जाणणार कोण? ज्ञानदेव अशी एकेक वाट बंद करत जातात. वर्गात आम्ही त्यातले दृष्टान्त पाहिले, अलंकार पाहिले, परीक्षेत लिहिले. युक्तिवाद टिकतो का, शंकराचार्यांच्या अविद्येला, म्हणजे जगाचा भास ज्यामुळे होतो त्या मूळ अज्ञानाला, तो खरंच लागू पडतो का, हा विषयच निघाला नाही. मला तेवढंच शिकायचंय.

पुण्यात एम.ए. तत्त्वज्ञान करावं तर प्लेटो, कांट, तर्कशास्त्र येणार. ते आवडेलही, पण संतांना तिथे जागा मिळते का? इंडॉलॉजीकडे वळावं तर संस्कृतची भीती, शाळेत घेतलंच नव्हतं. पुढे नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) द्यायची आहे आणि तिथे तत्त्वज्ञान वेगळा विषय, धर्मांचा तौलनिक अभ्यास वेगळा.

'याने पोट भरतं का' हा प्रश्न घरी रोज ऐकते, तो इथे नको. यूपीएससीचा ऑप्शनलही सुचवून झालाय.

प्रतिसाद १ : तुझा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे, तिकडेच जा. ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय, ते कसं होतं याचा विचार) आणि तर्कशास्त्र पक्कं नसेल तर अज्ञानखंडन नुसतं सुंदर वाटत राहतं. संत अभ्यासक्रमात नसले तर प्रबंधिकेत आण, मार्गदर्शक तेवढा बघून निवड. संस्कृत सोबत सुरू कर, निदान शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याची प्रस्तावना (अविद्येचा विषय तिथेच येतो) मुळातून वाचता येईल इतकं. तोवर वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४) ग्रंथालयातून काढ.

प्रतिसाद २ : वरच्याशी सहमत. आणि जळगाव जिल्ह्यात राहून अमळनेर कसं सुटलं? प्रतापशेठांनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान केंद्र तिथे आहे, शिक्षक होण्याआधी साने गुरुजी तिथेच होते. प्रा. बहिरटांचा ज्ञानदेवांच्या तत्त्वज्ञानावरचा इंग्रजी ग्रंथही मिळव. ज्ञानदेव शांकर परंपरेतलेच की चिद्विलासवादी (जग भास नव्हे, चैतन्याचाच विलास मानणारे) म्हणून वेगळे, हे भांडण जुनं आहे. तू त्यात उशिरा येते आहेस, बिघडत नाही.

धागाकर्ती : दोघांचे आभार. अमळनेरला जाऊन येते. शांकरभाष्याची ती प्रस्तावना आधी मराठी भाषांतरातून वाचायची तर कुणाचं घेऊ?