मेटल गियर मोठा होत गेला, पण लपण्यातला थरार कुठे गेला?

निशाचर

मेटल गियर या लपूनछपून खेळायच्या व्हिडिओ गेम मालिकेचे मुख्य भाग मी नुकतेच ओळीने पुन्हा खेळून काढले, १९८७च्या पहिल्यापासून २०१५च्या 'फँटम पेन'पर्यंत. आधी नुसता संशय होता, आता मत पक्कं झालंय. ही मालिका २००४च्या 'स्नेक ईटर'मध्ये शिखरावर पोचली आणि ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे हवं तिथे फिरता येणाऱ्या मोकळ्या नकाशात, उतरल्यावर तिचा प्राण गेला. का ते सांगतो, पटलं नाही तर खोडून काढा.

सगळ्याची सुरुवात अडचणीतून झाली. एमएसएक्स २ या संगणकाला एका पडद्यावर फार शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या. मालिकेचा कर्ता हिदेओ कोजिमा याच्याकडे काम आलं होतं लढाईच्या गेमचं, त्याने लढाई टाळण्याचा गेम केला. त्यातला पहारेकरी फक्त नाकासमोर बघायचा. १९९०च्या दुसऱ्या भागात त्याला कान फुटले, नजर ४५ अंश पसरली, आणि एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर तो मागे येऊ लागला. १९९८च्या 'मेटल गियर सॉलिड'मध्ये हेलिपॅडवरच्या बर्फात आपल्या पावलांचे ठसे उमटतात. पहारेकरी थबकतो, खाली बघतो, आणि ठशांच्या मागे चालायला लागतो. आपण भिंतीला पाठ लावून उभे, आणि ती ठशांची रांग थेट आपल्यापाशी येऊन थांबलेली. तेव्हा छातीत जे धडधडतं त्यासाठी मी ही मालिका खेळतो.

पुढच्या भागात, २००१ला, पहारेकरी ठरावीक वेळाने रेडिओवर हजेरी देऊ लागले. एखाद्याचं उत्तर आलं नाही की त्याला शोधायला दुसरा येणार. 'स्नेक ईटर'ने तर आधीच्या भागांतलं ते सगळं दाखवणारं रडारच काढून घेतलं. हातात उरली मुख्यतः छद्मावरणाची, म्हणजे आपण आसपासच्या रंगात किती मिसळलोय त्याची, टक्केवारी. गवतात पोटावर पडून राहा, आकडा चढतो. जरा सरकलात की घसरतो.

आणि 'फँटम पेन'? टेकडीवर बसायचं, दुर्बिणीतून एकेकावर खूण करायची. मग तो भिंतीआड गेला तरी दिसत राहतो. कुणी पाहिलंच तर वेळ मंदावतो आणि बेशुद्धीची गोळी डोक्यात घालायला पुरेशी उसंत मिळते. दोन ठाण्यांच्या मध्ये नुसतं माळरान. पण माझ्या मते खरा घाव घातला फुलटनच्या, म्हणजे माणसाला उचलून नेणाऱ्या, फुग्याने. 'पीस वॉकर'मध्ये, २०१०ला, तो आला. त्याआधी बेशुद्ध केलेला माणूस ही एक जबाबदारी होती. त्याला ओढत न्या, लपवा, तो जागा व्हायच्या आत निसटा. आता फुगा लावला की माणूस आभाळात, प्रश्न मिटला. वर तो आपल्याच तळावर कामाला लागतो.

दुर्बीण

निशाचर, पहारेकऱ्याला कान कसे फुटले हे तुम्ही इतकं छान लिहिलंत आणि नेमकं शेवटच्या पायरीपाशी थांबलात! 'फँटम पेन'मध्ये त्याला आठवण फुटली. डोक्यात गोळ्या घालत राहिलात की पुढच्या मोहिमांत तो शिरस्त्राण घालून येतो. नेहमी रात्री घुसलात तर अंधारात बघायचे चष्मे येतात. गॅस वापरलात तर मुखवटे. मी पहिले वीसेक तास रोज रात्री, त्याच बेशुद्धीच्या पिस्तुलाने, डोक्यावर नेम धरून खेळले. एके रात्री नेहमीसारखी गोळी झाडली आणि टण्णकन आवाज आला. शिरस्त्राण उडालं, माणूस उभाच, आणि तो वळला. एवढ्या तासांत मला काय सवय लागलीये ते मला कळलं नव्हतं, त्याला कळलं होतं. १९८७पासून सगळे भाग जिकडे चालले होते ते हेच.

आणि हे माळरानामुळेच शक्य झालं. एकामागून एक खोल्या ओलांडत जायच्या गेममध्ये पहारेकरी तुमच्याकडून शिकणार कधी? तुम्ही त्याच्याकडे परत येतच नाही.

खुणा आणि वेळ मंदावणं, दोन्ही सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. बंद करा आणि मग सांगा थरार नाही म्हणून. फुग्याचंही तुम्ही अर्धंच सांगितलंत. वर जाणारा फुगा दुसऱ्या पहारेकऱ्याला दिसतो, आणि हवा बिघडलेली असेल तर तो माणूस हातचा जाऊ शकतो.

बाराखडी

दुर्बीण यांना अनुमोदन. निशाचर ज्याला शिखर म्हणताहेत त्याबद्दलही एक सांगायला हवं. २००४चा मूळ 'स्नेक ईटर' वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याचा होता. जंगलात दहा पावलांपुढचा शत्रू दिसायचा नाही, दर थोड्या वेळाने थांबून नायक स्नेकच्या डोळ्यांतून बघावं लागायचं. मोकळा फिरणारा कॅमेरा नंतरच्या 'सब्सिस्टन्स' आवृत्तीत आला, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनातला 'स्नेक ईटर' ती आवृत्ती आहे. म्हणजे त्या शिखरावरसुद्धा आपण मोकळेपणा मिळाल्यावरच पोचलो.

सातवा पहारा

मी निशाचरच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं. माझी तक्रार माळरानाबद्दल नाही, गेम पुरा न होण्याबद्दल आहे. 'फँटम पेन'च्या दुसऱ्या भागात बऱ्याच मोहिमा म्हणजे आधीच्याच मोहिमा, फक्त जास्त कठीण केलेल्या. कथेचा शेवट बांधणारी ५१वी मोहीम गेममध्ये नाहीच, तिचा अर्धवट तुकडा संग्राहक आवृत्तीच्या डिस्कवर बघायला मिळाला. त्याच वर्षी कोजिमा गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीतून बाहेर पडला. पहारेकरी कितीही हुशार असू दे, आपण त्याच्यापाशी कशासाठी जातोय हे हरवलं की मीही हरवतो.

आणि 'स्नेक ईटर'मधली ती नदी आठवा. द सॉरो नावाचं भूत समोरून तरंगत येतं आणि आतापर्यंत आपण मारलेला एकेक माणूस पाण्यातून चालत येतो. ज्याने कुणाला फारसं मारलं नाही त्याची नदी लवकर सरते. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझी सरता सरेना. तिथेच गेम थांबवला, आणि दुसऱ्या दिवशी अगदी पहिल्यापासून सुरू केला.

दुर्बीण

नदीबद्दल वादच नाही, तो प्रसंग मलाही विसरता येत नाही. आणि अपुऱ्या कथेबद्दलही तुमचं खरं आहे. पण धागा लपण्याबद्दल आहे. कथेचं ओझं गेमवर पडतं ते मला मालिकेच्याच 'गन्स ऑफ द पेट्रियट्स' या भागात जास्त जाणवलं. तिथे शेवटचे प्रसंग तासाभराहून जास्त चालतात आणि आपण हात बांधून बघत बसतो.

निशाचर

सगळ्यांचं वाचलं. दुर्बीण, शिरस्त्राणाचा मुद्दा मान्य. मी तो विचारात घेतला नव्हता हे खरं आहे. त्याचं मूळही 'स्नेक ईटर'मध्ये सापडतं. तिथे धान्याचं कोठार उडवलं की पहारेकरी उपाशी राहतात, दारूगोळ्याचं उडवलं की त्यांच्या गोळ्या कमी पडतात. पण त्यातला एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तिथे परिणाम त्याच जंगलात, त्याच माणसांच्या चेहऱ्यावर दिसायचा. 'फँटम पेन'मध्ये तळावरून माणसं पाठवून शिरस्त्राणांचा पुरवठा तोडता येतो. मी तसं केलं आणि शिरस्त्राणं गायब. मी जागचा हललोसुद्धा नव्हतो.

काल रात्री तुम्ही म्हणालात तसं खुणा आणि मंदगती दोन्ही बंद करून खेळलो, पण मुद्दाम 'ग्राउंड झिरोज', 'फँटम पेन'च्या आधीचा छोटा भाग. एकच छावणी, क्युबाच्या किनाऱ्यावरची ओमेगा, रात्र, पाऊस, फिरते प्रकाशझोत. तिथे कैदेत असलेल्या पाझला खांद्यावर घेऊन बाहेर पडताना झोत जमिनीवरून सरकत माझ्या पायापर्यंत आला आणि तिथून वळला. दीड तास लागला, दोनदा पकडला गेलो. तेच धडधडणं परत आलं, कबूल. म्हणून आता माझं म्हणणं जरा बदलून मांडतो. कॅमेरा, नियंत्रण, पहारेकऱ्याची अक्कल यांत नवे भाग पुढेच आहेत. जागा रचण्यात मागे गेले. ओमेगा छावणीतला एकेक कोपरा कुणीतरी विचार करून ठेवलाय. 'फँटम पेन'मधल्या अफगाणिस्तानातल्या चौक्या मला एकमेकींसारख्या वाटतात.

दुर्बीण

चौक्या सारख्या आहेत, हे मीही म्हणेन. रस्त्याकडेच्या त्या तीन-चार माणसांच्या चौक्यांवर मी कधी थांबतच नाही. पण मोठी ठाणी तशी नाहीत. आफ्रिकेच्या नकाशावर नोव्हा ब्रागा विमानतळ आहे. दोन्ही गोष्टी बंदच ठेवा, फुगा वापरू नका, आणि भर दिवसा शिरा. बाहेर कसे पडलात ते इथेच लिहा.