कपाट रिकामं आहे, पण पूर्ण नाही

कुणीतरी म्हटलंय की पुण्याच्या फुटबॉल क्लबांनी आजवर काहीच केलं नाही. मोठी ट्रॉफी नाही हे मान्य, पण पुणे एफसीला असं उडवून लावू नका राव. 2007 ला सुरू झालेला क्लब, 2009-10 ला आय-लीगमधल्या (तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग) आपल्या पहिल्याच सीझनमध्ये तिसरा आला, मग 2012-13 ला चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा, आणि त्या जोरावर 2014 ला एएफसी कप, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा, खेळला. तेव्हा बालेवाडीच्या स्टेडियमला आम्ही मोजकी टाळकी असायचो, अर्धी खुर्ची उन्हात, हातात गार झालेला वडापाव, गोल झाला की चटणी शर्टावर. दुसऱ्या नंबरला कोण विचारतं म्हणा, 2015 ला क्लबच बंद पडला.

पुण्याच्या दुसऱ्या क्लबचं, एफसी पुणे सिटीचं सांगायचं तर इंडियन सुपर लीगची (आयएसएल) 2017-18 ची सेमीफायनल, बस्स. इथे पुण्यात बेंगळुरू एफसीला 0-0 रोखलं आणि तिकडे त्यांच्या सुनील छेत्रीने हॅटट्रिक मारून 3-1 ने घरी पाठवलं. 2019 ला तोही गुंडाळला, त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला आणि 2021-22 ला आयएसएल जिंकून मोकळा. आमचा एक मित्र ती ट्रॉफी पण पुण्याच्या खात्यात धरतो, त्याला चहा पाजून गप्प करतो मी!