टीव्हीवरच्या टॅलेंट शोमध्ये बँडने उतरावं का? माझं मत: शक्यतो नाही

बेसवाला (धागाकर्ता)

एका वाहिनीच्या टॅलेंट शोच्या ऑडिशनचं बोलावणं आलंय आणि त्यावरून आमच्या बँडमध्ये सरळ दोन तट पडलेत. गायिका आणि गिटारवाला उतावीळ आहेत. मी आणि ड्रमर नको म्हणतोय. कीबोर्डवाला शेवटचं ज्याचं ऐकतो त्याच्या बाजूने असतो, त्यामुळे त्याला धरत नाही.

हे शो गायकासाठी बनलेले आहेत. त्यात बँड शिरला की त्याचा गायक होतो आणि बाकीचे त्याच्यामागचं नेपथ्य होतात. चार-पाच मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत बसवायला सांगतात. मग इंट्रो जातो, सोलो जातो, शेवटी हळूहळू चढत जाणारा भाग असतो तोही जातो. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही रात्री जागून सराव केला तेवढंच नेमकं कापलं जातं. उरतो मुखडा आणि गायिकेचा क्लोजअप. वर गाणं बहुतेक वेळा दुसऱ्याचं, कारण प्रेक्षकाला ओळखीचं हवं.

लोक लगेच वन डायरेक्शनचं नाव घेतात. २०१० च्या ब्रिटिश एक्स फॅक्टरला ती पाच पोरं वेगवेगळी आली होती. एकेकटी बाहेर पडणार होती, तेव्हा शोवाल्यांनी त्यांची मोट बांधली. पुढच्या वर्षी जिंकलेल्या लिटल मिक्सचंही तेच. हे शोने तयार केलेले गट आहेत, आधीपासून एकत्र वाजवणाऱ्या बँडला त्यावरून काय कळणार?

विरुद्ध मतं वाचायला आवडतील. 'नशीब आजमावून बघा' एवढंच म्हणायचं असेल तर ते घरच्यांनी म्हणून झालंय.

दुसरा अंतरा

साफ असहमत.

वन डायरेक्शन सोडा, मोनेस्किन घ्या. रोमच्या रस्त्यावर वाजवणारी चौघं. आधीपासूनचा बँड, स्वतःची वाद्यं, सगळं तुमच्यासारखंच. २०१७ च्या इटालियन एक्स फॅक्टरमध्ये दुसरे आले. जिंकलेसुद्धा नाहीत. २०२१ मध्ये सानरेमो ही इटलीतली गाण्यांची स्पर्धा जिंकले आणि त्याच वर्षी युरोव्हिजन, म्हणजे देशादेशांमधली गाण्यांची स्पर्धा. गंमत म्हणजे एक्स फॅक्टरच्या दिवसांत त्यांनी एका जुन्या अमेरिकन गाण्याचं कव्हर केलं होतं, ते चार वर्षांनी जगभर वाजलं. तुम्ही कव्हरला नाक मुरडताय म्हणून मुद्दाम सांगतेय.

कोरियातला बस्कर बस्कर बघा. नावातच रस्त्यावर वाजवणं आहे. २०११ च्या सुपरस्टार के मध्ये दुसरे आले आणि पुढच्या वर्षी आलेल्या पहिल्या अल्बममधलं त्यांचं स्वतःचं एक गाणं तिकडे दर वसंतात पुन्हा चार्टवर चढतं.

इंट्रो कापला जाईल याचं तुम्हाला दुःख आहे, ठीक. पण तो इंट्रो आत्ता ऐकतं कोण? बहुतेक स्थानिक बँडसमोर दर वेळी तीच माणसं असतात: मित्र, मित्रांचे मित्र आणि दुसऱ्या बँडवाले हात बांधून मागे उभे. आयोजकाला फोन केला की पहिला प्रश्न येतो, कुठे बघितलंय का तुम्हाला? त्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येणं ही छोटी गोष्ट नाही.

मिक्सरमागचा माणूस

मी साउंड करतो. शोच्या सेटवरही केलंय आणि बँडच्या कार्यक्रमांनाही, म्हणून जरा यंत्रणेच्या बाजूने.

टीव्हीला बँड आवडत नाही यात कुणाचा आकस नसतो. ड्रमलाच सात-आठ माइक लागतात. बेस, दोन गिटार, कीज, गाणारे, प्रत्येकाला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून वेगळं मॉनिटर. नीट साउंडचेकला तास गेला तर नवल नाही. एकटा गायक आला तर एक माइक, आधी ध्वनिमुद्रित केलेला एक ट्रॅक, पुढचा आत. एका दिवसात दोन-दोन भागांचं चित्रीकरण उरकायचं असतं तिथे निर्माता काय निवडेल? म्हणून मग 'वाद्यं ट्रॅकवर, गळा लाइव्ह' असा तोडगा निघतो आणि ड्रमर कॅमेऱ्यासमोर हवेत काड्या फिरवतो. झांजेवर मारायचं, पण आवाज आला नाही पाहिजे. हे करताना मी चांगल्या ड्रमरांचे चेहरे बघितलेत.

दुसरा अंतरा, तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण युरोव्हिजनमध्ये १९९९ पासून ऑर्केस्ट्रा नाही आणि वाद्यसंगीत सगळं आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं. मोनेस्किन जिंकले त्या रात्री गळा तेवढा खरा होता. गिटार, बेस आणि ड्रम दाखवायला.

फॉक्स या अमेरिकन वाहिनीने २००७ मध्ये खास बँडसाठी शो काढला होता, द नेक्स्ट ग्रेट अमेरिकन बँड. एकच हंगाम झाला.

दुसरा अंतरा

गिटार दाखवायला होती आणि तरी जग त्यांच्या मागे लागलं. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे की माझ्या?

काठावरून

सगळे पाश्चात्त्य दाखले चाललेत, शेजारी बघा. पाकिस्तानात २००२ मध्ये पेप्सी बॅटल ऑफ द बँड्स झालं. आरोह जिंकला, पण हरलेले ईपी (एंटिटी पॅराडाइम) आणि मेकाल हसन बँडसुद्धा पुढे तिथल्या रॉकमधली मोठी नावं झाली. एका स्पर्धेतून तीन बँड वर आले! २०१७ ला तोच शो पुन्हा सुरू झाला तेव्हा काश्मीर नावाचा बँड जिंकला. तेव्हा 'टीव्ही आणि बँडचं जमत नाही' हे सरसकट विधान मला पटत नाही.

बेसवाला

काठावरून, हे माझ्या बाजूचंच उदाहरण झालं की. ती बँडांचीच स्पर्धा होती. सगळे स्पर्धक बँड, त्यामुळे मोजमाप बँडचं. आम्हाला बोलावलंय तिथे आमच्याआधी जादूगार असणार आणि आमच्यानंतर एक चिमुरडी नाचणार. परीक्षकाने आमच्या बेसलाइनची तुलना कशाशी करायची?

बँडसाठीच्या शोमध्ये बँडने जरूर जावं. तसे शो फार कमी असतात, आणि का कमी असतात ते मिक्सरमागच्या माणसाने सांगितलंच.

जुना गडी

आम्ही गेलो होतो. वाहिनीचं नाव सांगत नाही, खूप जुनी गोष्ट आहे आणि करारात गुप्ततेचं कलम होतं.

वाजवायला मिळालं, घरचे खूश, गल्लीत हार वगैरे. पण तालमीत आमच्या दोघांचं एका कॉर्डवरून वाजलं होतं, रोज वाजतं तसंच. ते कॅमेऱ्यात होतं. टीव्हीवर ते 'बँड फुटण्याच्या उंबरठ्यावर' असं करुण संगीत लावून आलं. खालच्या संगीताचा कॉर्ड मात्र बरोबर होता.

खरा फटका नंतर बसला. शो संपल्यावर फोन आले ते फक्त गायकाला. लग्नं, कॉर्पोरेट कार्यक्रम, दुसऱ्या शोचं बोलावणं. 'तुम्ही एकटे या, वाजवायला आमची माणसं आहेत.' त्याने सुरुवातीला नकार दिले, मग एखादा होकार, मग तारखा आमच्या सरावाशी टकरायला लागल्या. त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. बेसवाल्याला असे फोन येत नाहीत एवढंच.

तिहाई

जुना गडी, वाईट वाटलं वाचून, पण यात शोचा दोष किती? गायकाला जास्त मागणी असणं हे टीव्हीच्या आधीपासून आहे. बँड आतून भक्कम असेल तर अशा फोनांनी फुटत नाही.

बेसवाल्यांच्या पोस्टमध्ये मला वेगळंच दिसतं. गायिका जाऊया म्हणते, बेस आणि ड्रम नको म्हणतात. ही कलेची चर्चा आहे की कोण पुढे दिसणार याची? राग मानू नका, विचारतेय.

बेसवाला

राग नाही. दोन्ही आहे. पण मी मागे राहीन ही भीती खरी असली म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. जुन्या गड्याने लिहिलंय ते आमच्या गायिकेला दाखवलं. ती म्हणाली, 'मग आधीच ठरवून ठेवू ना, एकटीने घ्यायचे कार्यक्रम कोणते आणि नाही घ्यायचे कोणते.' हे मला सुचलं नव्हतं, तिला सुचलं.

कलम-वाचक

करारांचं काम करते, म्हणून थोडं लांबेल.

इथे सगळे 'जावं की नाही' यावर भांडतायत. माझ्या अनुभवात तोटा झालेल्यांपैकी बहुतेकांचा तोटा स्टेजवर झालेला नसतो, सही करताना झालेला असतो. ऑडिशनच्या रांगेत हातात जाडजूड कागद देतात, मागे लोक खोळंबलेले असतात, आणि तिथे सही होते. तो कागद आधी मागवून घ्या. देत नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

बघायचं काय? सगळ्यात आधी, शो संपल्यावर किती काळ तुम्ही त्यांचे. साधारणपणे 'ऑप्शन' नावाचं कलम असतं: व्यवस्थापन, ध्वनिमुद्रण, कधी जाहिरातीसुद्धा आधी आम्हाला विचारायचं. पर्याय त्यांच्याकडे असतो, तुमच्याकडे नाही. त्यांनी तुम्हाला काहीच दिलं नाही तरी तुम्ही तेवढा काळ दुसरीकडे सही करू शकत नाही, अशी भाषा मी वाचली आहे. गाजलेलं उदाहरण फिलिप फिलिप्सचं. २०१२ चा अमेरिकन आयडल विजेता. २०१५ मध्ये त्यानेच शोशी संलग्न कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या लेबर कमिशनरकडे अर्ज केला, की हे करार जाचक आहेत, यातून सोडवा. जिंकलेल्या माणसाची ही कथा.

मग स्वतःची गाणी. शोमध्ये स्वतःचं गाणं वाजवलंत तर त्या सादरीकरणाचं चित्रीकरण त्यांचं असणार, ते समजू शकतं. पण गाण्याचे, म्हणजे शब्द आणि चाल यांचे हक्क त्याच वाक्यात गुंडाळलेले असतील तर थांबा. 'सादर केलेले सर्व साहित्य' असे मोघम शब्द दिसले की लाल पेन काढा.

आणि एक गोष्ट फक्त बँडलाच लागू होते, म्हणून बहुतेक नमुना-करारांत ती नसतेच: सही कोण करतं, बँड की प्रत्येक जण वेगवेगळा? वेगवेगळा असेल तर गायिकेला ठेवून बाकीच्यांना सोडायला त्यांना कुणाची परवानगी लागणार नाही. बँडचं नाव कुणाच्या मालकीचं हेही लिहून घ्या. मुळात तुमच्या आपसातच ते कधी ठरलेलं नसतं. नव्वद टक्के बँडांचं नसतं, हा आकडा हवेतला आहे पण फार चुकीचा नसावा.

दुसरा अंतरा

कलम-वाचक, सगळं मान्य, पण नवख्या बँडच्या लाल पेनाला वाहिनी विचारते का? 'सही करा नाहीतर पुढचा' असंच असतं ना?

कलम-वाचक

बहुतेक वेळा तसंच असतं. पण त्यांनी स्वतःहून बोलावलं असेल तर थोडी जागा असते. गाण्यांचं कलम सुटतं, असं पाहिलंय. ऑप्शनचं कलम सहसा सुटत नाही, मुदत कमी होते.

काठावरून

पेंटाटोनिक्सचं, म्हणजे वाद्यांशिवाय नुसत्या गळ्यावर गाणाऱ्या अमेरिकन गटाचं, कुणी लिहिलं नाही अजून. २०११ मध्ये द सिंग-ऑफ जिंकले, बक्षीस म्हणून मोठ्या लेबलचा (संगीत कंपनीचा) करार मिळाला आणि त्या लेबलने त्यांना लवकरच सोडून दिलं. मग त्यांनी यूट्यूबवर स्वतःचे व्हिडिओ टाकून जम बसवला, पुढे ग्रॅमीही मिळवलं. म्हणजे शोने नाव दिलं, बक्षिसाने काहीच दिलं नाही, आणि उरलेलं त्यांनी स्वतः केलं.

यातून मी काढलेला अर्थ असा: शोचे लोक तुमच्या तोंडाकडे बघतात ते दोन-तीन महिने. त्या दिवसांत दाखवायला तुमच्याकडे तयार माल हवा. नीट ध्वनिमुद्रित केलेली चार-पाच गाणी, कुठे ऐकायची ते पान, पुढच्या कार्यक्रमांच्या तारखा. 'आधी टीव्हीवर येऊ, मग गाणी करू' असं ठरवणारे बँड माझ्या बघण्यात तरी तिथेच संपले.

मिक्सरमागचा माणूस

+१. एपिसोड लागला त्या रात्री लोक नाव शोधतात. सापडलं काय, तर गच्चीवरच्या सरावाचा फाटक्या आवाजातला व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी ते चिमुरडीचा नाच बघत असतात.

बेसवाला

आमच्याकडे पूर्ण झालेली गाणी दोन आहेत. तिसऱ्याचं मिक्स अडकलंय, कारण मी आणि गिटारवाला बेसच्या आवाजावरून भांडतोय (तो कमीच आहे).

माझं मत अजून 'नाही'च आहे, निदान या वर्षी. गायिकेचं 'हो' आहे. काल बसून एवढं ठरलं की वाहिनीकडून कराराचा कागद आधी मागवायचा, तो कलम-वाचक यांनी सांगितलंय तसा वाचायचा आणि वाद्यं खरी वाजणार की ट्रॅकवर हे लेखी विचारायचं. खरी वाजणार नसतील तर ड्रमर येणार नाही म्हणतो, आणि तो नाही तर मीही नाही.

दुसरा अंतरा

एवढं लेखी विचाराल तोवर त्यांनी दुसरा बँड घेतलेला असेल.

बेसवाला

शक्य आहे. त्यांच्याकडून उत्तर आलं की इथे लिहितो. तोवर तिसऱ्या गाण्याचं मिक्स आटपतो.

मिक्सरमागचा माणूस

मिक्स पाठवा माझ्याकडे, ऐकून सांगतो. आणि विचारताय तर सेटवरचं ड्रम किट कुणाचं तेही विचारा. तिथलं असेल तर स्नेअर (किटमधला मुख्य छोटा ड्रम) आणि झांजा आपल्या न्यायच्या, परवानगी आधी काढून ठेवा.