वार खाली असल्याचे अहवालात होते, तरी तयारी नव्हती : याला निष्काळजीपणा म्हणता येईल का?

प्रश्न (ताई, सातारा जिल्हा)

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले होते. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या अहवालात वार (बाळाचे पोषण करणारी, प्लॅसेंटा) पुढच्या भिंतीवर असून गर्भाशयाच्या मुखापर्यंत खाली आली आहे, असे स्पष्ट लिहिले होते आणि शेवटच्या ओळीत '३२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी' अशी सूचना होती. तालुक्याच्या खाजगी रुग्णालयातील डॉक्टरांनी "वार वर सरकते, काळजी करू नका" असे सांगितले आणि त्यानंतरच्या एकाही भेटीत त्या ओळीचा विषय निघाला नाही.

सदतिसाव्या आठवड्यात ठरवून सिझेरियन केले, तेव्हा वार सुटेना आणि रक्तस्राव थांबेना. रुग्णालयात रक्ताची एकच पिशवी होती. बहिणीला तशाच अवस्थेत जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले आणि तिथे जीव वाचवण्यासाठी गर्भपिशवी काढावी लागली. ती शुद्धीवर नव्हती, म्हणून सही मेहुण्यांनी केली. बाळ सुखरूप आहे, पण बहीण अजून सावरलेली नाही. आता पहिले रुग्णालय केस पेपर देण्यास टाळाटाळ करीत आहे. हा केवळ दुर्दैवी प्रसंग होता, की यात कोणाची जबाबदारी होती, हे आम्हाला समजून घ्यायचे आहे. नातेवाईक "जीव वाचला ना, सोडून द्या" म्हणतात, ते मला पटत नाही.

उत्तर १ (स्त्रीरोगतज्ज्ञ, नाशिक)

ताई, तुमच्या बहिणीवर जे ओढवले त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पाचव्या महिन्यात वार खाली दिसणे नेहमीचेच असते आणि गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो तशी बहुतेक स्त्रियांमध्ये ती मुखापासून दूर जाते, त्यामुळे डॉक्टरांचे वाक्य मुळात चुकीचे नव्हते. मात्र आधीचे सिझेरियन आणि पुढच्या भिंतीवर खाली असलेली वार या दोन गोष्टी एकत्र आल्या की चित्र पालटते, कारण जुन्या टाक्यांच्या व्रणावर वार रुजली तर ती गर्भाशयाच्या स्नायूत खोलवर शिरू शकते. यालाच आम्ही प्लॅसेंटा अॅक्रिटा म्हणतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार मुखावर असताना पहिलेच सिझेरियन करावे लागलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते, दुसरे सिझेरियन असलेल्यांमध्ये ११ टक्के आणि तिसरे असलेल्यांमध्ये ४० टक्के.

म्हणूनच ३२ आठवड्यांची ती तपासणी महत्त्वाची होती. त्या वेळी अनुभवी सोनोग्राफीतज्ज्ञाने डॉपलरसह (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसह) पाहिले असते, तर वार आणि स्नायू यांच्यामधली सीमारेषा पुसट झाली आहे का, वारेत रक्ताच्या पोकळ्या दिसतात का, हे बहुधा कळले असते. शंका आली असती, तर रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, मूत्रविकारतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी, बहुधा सदतिसाव्या आठवड्याच्या आधीच, प्रसूती ठरवली गेली असती. सोनोग्राफीतही काही वेळा अॅक्रिटा निसटतो, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पिशवी काढणे हा मात्र दोष समजू नका. अॅक्रिटामध्ये वार ओढून काढू नये आणि पुष्कळदा ती जागेवरच ठेवून पिशवीसह काढणे हाच सुरक्षित मार्ग असतो, त्यामुळे सर्व तयारी असतानाही पिशवी गेलीच असती, ही शक्यता आहे. पहिल्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत वार ओढण्याचा प्रयत्न झाला का, रक्त केव्हा मागवले आणि रुग्णाला हलवण्याचा निर्णय किती वाजता झाला, एवढे आधी पाहा.

उत्तर २ (वकील, ग्राहक आयोगात काम)

डॉक्टरांनी मांडलेला शेवटचा मुद्दाच आयोगापुढे कळीचा ठरेल. परिणाम वाईट झाला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, त्या क्षेत्रातील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली की नाही, हे पाहायचे असते. तुमची तक्रार पिशवी काढल्याबद्दल मांडली तर ती टिकणे कठीण आहे. लेखी सूचना असूनही पुनर्तपासणी केली नाही, धोका समजावून सांगितला नाही आणि रक्ताची सोय नसताना शस्त्रक्रिया हाती घेतली, अशी मांडली तर तिला आधार आहे.

संमतीबद्दलही एक शंका तुमच्या मनात असेल. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने, रुग्ण भुलेखाली असताना आईच्या संमतीवर गर्भाशय काढणे बेकायदा ठरवले होते, पण तिथे जिवाला तातडीचा धोका नव्हता. तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो होता, म्हणून दुसऱ्या रुग्णालयाविरुद्ध तक्रार उभी राहील असे मला वाटत नाही.

कागदपत्रांसाठी आज, उद्या करू नका. बहिणीच्या सहीने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देणे बंधनकारक आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. फौजदारी गुन्ह्याचा आग्रह कोणी धरला, तर घाई करू नका. २०२२ मध्ये राजस्थानात लालसोट येथे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने रुग्ण दगावल्यावर डॉक्टरवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्या डॉक्टर महिलेने आत्महत्या केली. त्यातून रुग्णाच्या घराला काहीच मिळाले नाही.

उत्तर ३ (मिरज)

माझ्या वहिनींनाही हेच झाले होते. त्यांच्या डॉक्टरांनी अहवाल पाहताच मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि आम्ही चार नातेवाईकांनी आधीच रक्तदान करून ठेवले. पिशवी त्यांचीही काढावी लागली, पण धावपळ झाली नाही. ताई, बहिणीचे हिमोग्लोबिन आणि तिचे मन, दोन्हींकडे लक्ष असू द्या. तिच्याशी कोणी बसून बोलले आहे का?

ताई

सर्वांचे आभार. पाचव्या महिन्याचा मूळ अहवाल आमच्याकडे आहे, त्याची छायाप्रत काढून ठेवली आहे. सोमवारी बहिणीच्या सहीचा अर्ज घेऊन मी स्वतः जाणार आहे. तिच्याशी या विषयावर अजून कोणीही मोकळेपणाने बोललेले नाही. ते आजच करते.