बिलाचा ऑब्जेक्ट: नमुन्यावरून कॉपी काढावी की बिल्डरने बांधावा?

कोडकरी
जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं बिलिंग सॉफ्टवेअर घ्या. बिलाच्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे बिलाची सगळी माहिती धरणाऱ्या कोडमधल्या घटकात, दुकानाचा पत्ता, जीएसटी नंबर, बँकेचे तपशील, अटी, वस्तूंची यादी असं लटांबर असतं आणि त्यातलं बरंचसं प्रत्येक बिलात तेच. मग एक नमुना बिल तयार ठेवून त्याची कॉपी काढावी, ग्राहक आणि वस्तू तेवढ्या बदलाव्यात. गँग ऑफ फोर म्हणजे ‘डिझाइन पॅटर्न्स’ पुस्तकाच्या चार लेखकांनी १९९४ मध्ये प्रोटोटाइप (नमुन्याची कॉपी काढणं) आणि बिल्डर (एकेक भाग देऊन ऑब्जेक्ट बांधणं) हे दोन्ही पॅटर्न मांडले, पण आपल्याकडे जो तो डोळे झाकून बिल्डरच लिहितो. तीच ती दहा सेटिंग्ज दरवेळी कशाला?

निशिगंधा
जावात तरी साफ असहमत. क्लोन(), म्हणजे जावाची कॉपी काढायची तयार सोय, शॅलो म्हणजे वरवरची कॉपी करतो. नमुन्यातली वस्तूंची यादी (अ‍ॅरेलिस्ट) नव्या बिलालाही तीच मिळते, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या बिलात साखर टाकली की ती दुसऱ्याच्या बिलातही दिसणार. शिवाय क्लोन होताना कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवतानाचा कोड) चालतच नाही, त्यामुळे तिथे लिहिलेल्या तपासण्या वाया. आणि ‘याचा क्लोन काढता येतो’ अशी खूण असलेल्या क्लोनेबल इंटरफेसमध्ये क्लोन मेथडच नाही, ही तर कमालच आहे!

कोडकरी
क्लोनेबल फसला म्हणून प्रोटोटाइप बाद होत नाही. कॉपी कन्स्ट्रक्टर, म्हणजे जुन्या ऑब्जेक्टवरून नवा बनवणारा कन्स्ट्रक्टर, लिहा, त्यात नवी अ‍ॅरेलिस्ट बनवा, प्रश्न मिटला. जावास्क्रिप्ट ही भाषा तर १९९५ पासून प्रोटोटाइपवरच उभी आहे.

सांगलीकर
जावास्क्रिप्टचा दाखला इथे लागू नाही. तिथलं ऑब्जेक्ट.क्रिएट() कॉपी काढत नाही, नव्या ऑब्जेक्टला नमुन्याशी जोडून देतं. नमुन्यातला पत्ता बदलला की आधी बनवलेल्या बिलांतही नवा पत्ता दिसेल. हिशेबाच्या कागदाला हे अजिबात चालणार नाही.

निशिगंधा
मला खरी भीती बिल क्रमांकाची आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे तो आर्थिक वर्षात एकमेव हवा. कॉपी काढून बिल केलं आणि क्रमांक बदलायचा राहिला तर कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) चकार शब्द काढत नाही. बिल्डरमध्ये तशी तपासणी लिहिली की क्रमांक न दिल्यास बिल्ड() तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो.

सांगलीकर
दराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. दर नमुन्यातच लिहून ठेवला असेल तर नमुना बदलेपर्यंत प्रत्येक कॉपीत जुनाच कर लागणार. नमुन्यात पत्ता, बँक, अटी एवढंच ठेवा. दर वस्तू आणि तारखेवरून काढा.

कोडकरी
दराचं पटलं. पण लॉम्बॉक या जावाच्या लायब्ररीत टूबिल्डर चालू केलं की तयार ऑब्जेक्टवरून भरलेला बिल्डर मिळतो. म्हणजे सुरुवात नमुन्यावरूनच झाली ना?

निशिगंधा
हो, आणि ते मला चालेल, नमुन्यात क्रमांक नसेल तर. पण कुणी मागचं बिल उघडून त्यावर टूबिल्डर() मारला की जुना क्रमांक आयता येतो आणि बिल्ड() खुशाल पास करतो. म्हणून मी नमुन्याचा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) वेगळा ठेवते. त्यात क्रमांकाचं फील्डच नाही, आणि बिलाच्या क्लासवर टूबिल्डर बंद.