मदत हवी आहे: नॉन-कंपीट बंद झालं होतं ना? मग वकिलाचं पत्र कसं काय आलं?

जर्सीकर
लोकहो तातडीने मदत हवीये. जुनी कंपनी सोडून नवीन जॉब घेतला, तर काल त्यांच्या वकिलाचं पत्र आलं की नॉन-कंपीट (म्हणजे नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे काम न करण्याची अट) मोडलंय, वर्षभर याच क्षेत्रात काम करायचं नाही. २०२४ ला फेडरल सरकारने हे सगळं बंद केलं ना? सोमवारपर्यंत उत्तर मागितलंय, काय लिहू?

बे_एरियावाला
अजिबात घाबरू नका. कलम १६६०० प्रमाणे नॉन-कंपीटला किंमत नाही, २००८ ला एडवर्ड्स केसमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. सरळ दुर्लक्ष करा.

शमिका_एनजे
अहो ते कॅलिफोर्नियाचं झालं! जर्सीकर, राहता कुठे, काम काय, आणि करारात कुठल्या राज्याचा कायदा लिहिलाय?

जर्सीकर
एडिसन, न्यू जर्सी. डेटा इंजिनिअर. पण फेडरल नियम म्हणजे सगळ्या देशाला ना, राज्य कुठून आलं मध्येच?

एच१_ते_जीसी
आधी व्हिसा बघा!! नोकरी गेली तर ६० दिवसच मिळतात, नवीन कंपनीला लगेच कळवा.

जर्सीकर
ग्रीन कार्ड आहे हो. व्हिसाचं विचारलंच नाही मी.

शमिका_एनजे
तो नियम एफटीसीचा (फेडरल ट्रेड कमिशन), एप्रिल २०२४ चा. ४ सप्टेंबरपासून लागू होणार होता पण २० ऑगस्टलाच टेक्सासच्या फेडरल कोर्टाने देशभरासाठी रद्द केला, म्हणाले असा नियम करायचा अधिकारच एफटीसीला नाही. २०२५ मध्ये एफटीसीने अपीलही सोडून दिलं. म्हणजे तो एक दिवसही लागू झाला नाही, आणि उरला राज्याचा कायदा. आपल्या जर्सीत तो मुख्यतः कोर्टानेच घडवलाय, १९७० चा सोलारी निकाल. कंपनीचं रास्त हित आहे का, नोकरदारावर नको इतका बोजा पडतो का, लोकांचं नुकसान होतं का, हे बघतात. बंधन जास्त वाटलं तर कोर्ट ते छाटून उरलेलं लागू करू शकतं, त्यामुळे दुर्लक्ष करा हा सल्ला इथे धोक्याचा आहे.

बे_एरियावाला
पण केस फेडरल कोर्टात गेली तर? तिथे राज्याचं कशाला चालेल.

शमिका_एनजे
चालतं. १९३८ च्या एरी रेलरोड निकालापासून अशा दोन राज्यांतल्या पक्षांच्या भांडणात फेडरल कोर्टही राज्याचाच कायदा लावतं.

सदाशिव_पेठ
भारतात हा प्रश्नच नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७, नोकरी सोडल्यावरचं बंधन रद्दबातल. गंमत म्हणजे ते कलम न्यूयॉर्कचा वकील डेव्हिड फील्डने तिथल्यासाठी केलेल्या कायद्याच्या मसुद्यातून घेतलंय, कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी तिथूनच उचललं, आणि न्यूयॉर्कने मात्र तो मसुदा घेतलाच नाही.

बे_एरियावाला
हे माहीत नव्हतं! यावर वेगळा धागा काढा ना.

जर्सीकर
अहो माझं पत्र!! करार काढून बघितला, डेलावेअरचा कायदा लिहिलाय.

शमिका_एनजे
हे आधी सांगायला हवं होतंत. डेलावेअरचं चान्सरी कोर्ट (कंपन्यांचे वाद चालवणारं) हल्ली फार पसरट बंधनं छाटून देत नाही, २०२२ च्या कोडियाक केसमध्ये नाकारलंच, ती धंदा विकण्याची केस होती तरी. पण जर्सीचं कोर्ट डेलावेअरचा कायदा लावेलच असंही नाही. तुम्ही स्वतः काहीही लिहू नका. उद्याच एम्प्लॉयमेंट वकील गाठा, त्याच्याकडून मुदत वाढवून मागा. नवीन कंपनीच्या एचआरला पत्र दाखवलंत का? आणि जुने क्लायंट तेच आहेत का इथे?