बीटल्सच्या गाण्यांत परत परत येणारी एक जागा

सहा_तारा:
सध्या बीटल्सचा 'रबर सोल' (१९६५) हा अल्बम गिटारवर बसवतोय. 'इन माय लाइफ'मध्ये ओळ उतरताना डी, डी मायनर, ए असे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) येतात. 'यू वोन्ट सी मी'चं कडवं संपतं तिथेही हेच तीन, याच क्रमाने. 'नोव्हेअर मॅन'मध्ये एफ शार्प मायनर, ए मायनर, ई. पट्टी वेगळी, कॉर्ड वेगळे, तरी काळजात तस्संच हलतं! पहिल्या दोन गाण्यांत बोटांकडे पाहिलं की कळतं: डीला सगळ्यात बारीक तारेवर दुसरा पडदा, डी मायनरला पहिला, एला ती तार मोकळी. बीटल्समधल्या लेननची खास लकब म्हणावी, तर 'यू वोन्ट सी मी' त्याच्या जोडीदाराचं, मॅकार्टनीचं. मग दोघांच्याही हाताला हे वळण लागलं कुठून?

काळी_चार:
पेटीवर बघा, लगेच पटेल. एला, म्हणजे पांढरी सहाला, सा धरा. डी म्हणजे म ध सां. डी मायनरमध्ये फक्त धैवत कोमल होतो. पुढच्या एमध्ये पंचम आहेच. झालं की: शुद्ध ध, कोमल ध, प. 'नोव्हेअर मॅन'ला ई हा सा धरला तर पहिला कॉर्ड रे म ध, दुसऱ्यात पुन्हा कोमल धैवत, मग पंचम. कॉर्ड बदलले तरी आतली उतरण तीच. आपल्या रागांत दोन धैवत असे लागोपाठ सहसा घेत नाहीत, म्हणून आपल्या कानाला ती जागा जास्तच लागते. मी तर तेवढाच तुकडा कितीदा वाजवत बसते!

जुनी_रेकॉर्ड:
कुठून आलं ते सांगतो. रॉक अँड रोलच्या आधीच्या नाटक-सिनेमातल्या गाण्यांत हे वळण सर्रास असे. मॅकार्टनींचे वडील १९२०च्या दशकात स्वतःचा जॅझ बँड चालवत, घरी पियानो वाजवत. ती गाणी पोराच्या कानावर लहानपणापासून. 'टिल देअर वॉज यू' हे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या 'द म्युझिक मॅन' या संगीत नाटकातलं गाणं बीटल्सनी १ जानेवारी १९६२ला डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या ऑडिशनमध्येही गायलं होतं. त्यात जी मायनर, बी फ्लॅट मायनर, एफ येतं. एफला सा धरून बघा, काळी_चार ताई, तुमचे दोन्ही धैवत तिथे हजर!

सहा_तारा:
दादा, आत्ताच वाजवून पाहिलं. अगदी तेच! मग 'शी लव्ह्ज यू' (१९६३) काढलं. त्याच्या कडव्यात ई मायनर, सी मायनर, डी. सा जीवर, म्हणजे इथेही ध, कोमल ध, प. पण यात ते घरी, म्हणजे साच्या कॉर्डवर, परतत नाहीत, पंचमाच्या कॉर्डवर उभे राहतात आणि तिथून सरळ धृपदात उडी. 'इन माय लाइफ'मध्ये जे वळण हुरहुर लावतं, तेच इथे माणसाला नाचवतं. जुन्या लोकांकडून घेतलं खरं, पण असं फिरवायला यांचंच डोकं हवं.

काळी_चार:
मग 'ब्लॅकबर्ड'ही घ्याच. सा जीवरच. सी, सी मायनर आणि पुढे जी, पण त्या जीमध्ये खाली खर्जाला गंधार ठेवलाय. त्यामुळे टेकल्यासारखं वाटत नाही, चाल पुढेच सरकत राहते. गिटारवर तो खालचा गंधार नीट ऐकू येतो का, ते तुम्ही सांगा.